संत्रं थंड की उष्ण?

29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. याच शहरात मे 2013 मध्ये तो 47.9 अंशांवर चढला होता. चव्वेचाळीस अंशांहून मोठा हा पल्ला इथल्या माणसानं त्याच एका शरीरात झेलायचा असतो. मुंबईकराच्या वाट्याला असं काही येत नाही, समुद्र त्याची काळजी वाहतो. आमच्या चारही बाजूंना जमीनच आहे. त्यामुळे काय थंड, काय उष्ण, कोणाला काय बाधतं हा विषय नागपूरकराच्या तोंडी सदैव असतो, आणि त्यात थोडी हौसही असते. 30 मे 2024 रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्यानं पुढे सांगितलं, पण तोवर आकडा गावभर झाला होता. तो खोटा निघाल्याचं काहींना जरा वाईटच वाटलं असावं.

हे पुस्तक त्या पल्ल्यात जगणाऱ्या माणसाच्या ताटाविषयी आणि दिनक्रमाविषयी आहे. शरीरातलं यिन आणि यांग आहार-विहारानं समतोल कसं ठेवावं, अशी पुस्तकं हल्ली मराठीतही दिसतात. त्यांतली बरीचशी चीनमधून अमेरिकेत आणि तिथून आपल्याकडे असा फेरा घालून आलेली असतात. मग त्यात पुण्या-नागपूरच्या वाचकाला काळे तीळ, मशरूम आणि आल्याचं सूप सांगितलेलं असतं. काळे तीळ आपल्याकडे आहेतच, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या धंतोलीतल्या माणसानं काय करावं याचं उत्तर तिथं मिळत नाही. ते इथल्याच घरांत शोधायला हवं, आणि शोधताना चीनकडेही बघायला हवं. कारण तिथल्या विचाराचा गाभा आपल्या ओळखीचा आहे.

यिन म्हणजे शीत, ओलं, शांत, आत वळणारं. यांग म्हणजे उष्ण, कोरडं, चपळ, बाहेर पसरणारं. ही जोडी एकमेकांवाचून उभी राहत नाही. कोणतीही वस्तू नुसती यिन किंवा नुसती यांग नसते, ती कशाच्या तरी तुलनेत तशी असते. चिनी वैद्यकानं खाण्याच्या पदार्थांचे पाच स्वभाव मानले आहेत: थंड, थंडावा देणारे, मधले, ऊब देणारे आणि उष्ण. भात त्या मधल्या खणात बसतो. आपल्या आयुर्वेदात द्रव्याच्या शक्तीला वीर्य म्हणतात. काही आचार्यांनी त्याचे आठ प्रकार सांगितले, पण जग अग्नी आणि सोम या दोहोंचं बनलेलं असल्यामुळे वीर्यंही उष्ण आणि शीत ही दोनच, असाही पक्ष आहे, आणि व्यवहारात तोच टिकला. आपल्या घरांमधून मात्र तो मधला खण जवळजवळ नाहीसा झाला आहे. आपल्याकडे पदार्थ थंड तरी असतो नाहीतर उष्ण तरी, आणि एकदा ठरला की तो जन्मभर तसाच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. तिथं वर्षाचे दोन भाग केले आहेत. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म हा आदानकाळ. सूर्य जोरात असतो आणि प्राण्यांचं बळ ओढून घेतो. वर्षा, शरद आणि हेमंत हा विसर्गकाळ. सोमाचं बळ वाढतं आणि जे घेतलं ते परत दिलं जातं. ग्रीष्माच्या शेवटी माणूस सर्वांत दुबळा, हेमंतात सर्वांत बळकट. हेमंतात बाहेरच्या गारठ्यामुळे जठराग्नी आत कोंडला जाऊन प्रखर होतो आणि त्याला जड, स्निग्ध अन्नाचं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातलाच रस जाळू लागतो, असं चरक सांगतो. म्हणून डिंकाचे लाडू थंडीत. उन्हाळ्यात उलट घडतं. बाहेर आग असते आणि आतला अग्नी मंद. उन्हाळ्यात पोटाला थोडं, गोड, द्रव, हलकं द्यावं आणि व्यायाम टाळावा. दुपारची झोप एरवी वर्ज्य, पण ग्रीष्मात चरक तिला परवानगी देतो. महाल-इतवारीतल्या जुन्या दुकानदारांना उन्हाळ्यातल्या दुपारच्या वामकुक्षीसाठी शास्त्राधार हवा असेल तर तो इथे आहे.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी ग्रंथातही ऋतूंचा असाच एक अध्याय आहे. उन्हाळ्यात उशिरा झोपावं, लवकर उठावं, लांब दिवसाला वैतागू नये, राग धरू नये, घाम बाहेर पडू द्यावा, असं तिथं सांगितलं आहे. पुढे एक चकित करणारी सूचना येते. वसंतात आणि उन्हाळ्यात यांग जोपासावं, शरदात आणि हिवाळ्यात यिन. आपल्याला वाटतं उन्हाळ्यात थंड खावं, संपलं. चिनी वैद्य म्हणतो, उन्हाळ्यात सगळी ऊब कातडीकडे आलेली असते आणि पोट आतून गार पडलेलं असतं, म्हणून पोटाला थोडं आलं द्या. हे परकं वाटतं, पण आमरसात सुंठ आणि तूप घालून वाढणाऱ्या कोणत्याही वैदर्भी आजीला ते समजावून सांगावं लागणार नाही.

या दोन परंपरांमध्ये नागपूरचा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अलाहाबादचे अटल, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीसांचं नाव घराघरात पोचलं. ते 1942 मध्ये चीनमध्येच गेले, आणि व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चोळकरांचं नाव नागपुरातही आता फारसं कोणी घेत नाही. ही मंडळी जखमी सैनिकांवर पाश्चात्त्य पद्धतीचे उपचार करायला गेली होती, यिन-यांग शिकायला नव्हे. पण त्यांच्यातले बिजॉयकुमार बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी कलकत्त्यात आणलं. भारतात यिन आणि यांग हे शब्द दवाखान्यात पोचले ते मुख्यतः त्या सुयांबरोबर. आहाराची बाजू मात्र मागेच राहिली.

आहाराच्या बाजूनं पाहायचं तर संत्र्यापासून सुरुवात करावी.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ हिवाळ्याच्या तोंडाशी हाती लागतं, ते जरा आंबटसर. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते अधिक गोड. म्हणजे संत्र्याचा मुख्य हंगाम थंडीचा. आणि नागपुरातल्या घरांत थंडीत मुलांना सर्वाधिक नाकारलं जाणारं फळही संत्रंच. थंड असतं, सर्दी होते, खोकला धरतो. संध्याकाळनंतर तर नाहीच. कळमन्याच्या बाजारात ढिगानं पडलेलं फळ, आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलाला ते दुपारी बारा ते तीन या वेळेतच मिळणार.

आता ग्रंथ उघडा. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त आंबट जातीच्या नारिंगाला फार उष्ण म्हटलं आहे. आता चीनमध्ये जा. आपलं संत्रं ज्या मँडरिन कुळातलं, त्याचं मूळ घर चीनच्याच बाजूला. तिथल्या आया मुलांना सांगतात, फार संत्री खाऊ नकोस, अंगात आग चढेल, तोंड येईल. तिथं साल उबदार मानतात. क्वांगतुंग प्रांतातल्या शिनहुई भागातली वाळवून वर्षानुवर्षं मुरवलेली साल पोटाच्या आणि कफाच्या तक्रारींवर औषध म्हणून विकली जाते, आणि जितकी जुनी तितकी महाग. एकाच कुळातलं फळ. नागपुरात थंड, 'भावप्रकाशा'त उष्ण, क्वांगचौमध्ये आग लावणारं, आणि त्याचीच साल कफावरचा उतारा.

यावर दोन सोप्या प्रतिक्रिया असतात. पहिली अशी की हे सगळं थोतांड आहे. दुसरी अशी की आमचंच खरं. मला दोन्ही आळशी वाटतात. नागपुरात संत्रं येतं ते सर्दी-खोकल्याच्या मोसमात. पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस असा दिवस, कोरडी हवा, शाळेत एकमेकांवर शिंकणारी मुलं. आईनं दोन गोष्टी बरोबर पाहिल्या: मूल संत्रं खातंय आणि मूल खोकतंय. चिनी आईनंही काही बरोबरच पाहिलं: डझनभर संत्री खाल्ल्यावर आम्लानं आणि साखरेनं तोंडाची आतली त्वचा चरचरते. दोघींचं निरीक्षण खोटं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते अमुक मुलाचं, अमुक ऋतूतलं, अमुक प्रमाणातलं संत्रं. पुढच्या पिढीनं मूल, ऋतू आणि प्रमाण गाळलं आणि फक्त संत्रं ठेवलं.

मला या पुस्तकात जे म्हणायचं आहे ते एवढंच. थंड किंवा उष्ण हा पदार्थाच्या अंगी चिकटलेला गुण नाही. तो पदार्थ, खाणारा, त्याचं काम, ऋतू आणि मात्रा यांच्यातला संबंध आहे. यिन-यांगच्या विचारात हे मुळातच आहे, आयुर्वेदात देश, काल, मात्रा, सात्म्य हे शब्द त्यासाठीच आहेत. घरातली यादी मात्र या संबंधाचा गाळ आहे, आणि आपण गाळालाच शास्त्र म्हणतो.

यादी किती स्वतंत्रपणे वाढते याचं सर्वांत गमतीचं उदाहरण ताकाचं. विदर्भात उन्हाळ्यात ताकाइतकं निर्विवाद काही नाही. अंगणात पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, मग ताक. पण सुश्रुत उन्हाळ्यात ताक देऊ नये म्हणतो. दही तर आयुर्वेदात उष्णच. हाताला गार लागतं म्हणून ते थंड होत नाही. शास्त्राच्या नावानं ताक पिणारी मंडळी हे वाचून दचकतात. दचकण्याचं कारण नाही. ग्रंथातलं तक्र घट्ट, आंबट, लोणी थोडं राहिलेलं असू शकतं. घरचं ताक चौपट पाण्याचं, मीठ-जिरं घातलेलं, न आंबलेलं असतं. दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला त्यातून पाणी, मीठ आणि थोडी साखर मिळते. त्याला सुश्रुताचीही ना नसावी.

मिठावर मात्र थांबावं लागेल, कारण इथं ग्रंथ आणि शरीरशास्त्र खरंच एकमेकांना भिडतात. चरक ग्रीष्मात खारट, आंबट आणि तिखट टाळायला सांगतो. सावलीत बसणाऱ्या, चंदनाची उटी लावून वाऱ्यावर निजणाऱ्या माणसासाठी हा सल्ला ठीक आहे. आणि ग्रंथात डोळ्यासमोर असलेला माणूस बहुधा तोच होता. पण बुटीबोरीच्या कारखान्यात, मिहानच्या बांधकामावर किंवा मौद्याच्या शेतात राबणारा माणूस तासाला लिटरभर किंवा जास्तही घाम गाळतो, आणि घामातून मीठ जातं. त्यानं नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, पेटके येतात, चक्कर येते. उकडलेल्या कैरीचं पन्हं, गूळ आणि मीठ घातलेलं, हे त्याच्यासाठी नेमकं उत्तर आहे. 1971 च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्यावर हजारो कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्याचं घरगुती रूप पुढे जगभर गेलं. पन्हं त्याचंच सोयरं. मात्र रक्तदाबाच्या माणसानं तेच पन्हं दिवसात चार वेळा घेतलं तर ते त्याला थंड नाही. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला 'थंड' म्हणून नारळपाणी पाजत राहणं तर धोक्याचं, कारण त्यातलं पोटॅशियम त्याच्या शरीरातून बाहेर पडत नाही.

सातूचं पीठ, आंबील, बेलाचं सरबत, अंबाडीचं सरबत, अक्षय्य तृतीयेची चिंचवणी, काकडी, डांगर, कच्चा कांदा. या साऱ्यांची प्रकरणं पुढे येतील. इथे एवढंच सांगतो की त्यांच्यातला समान धागा पाणी, थोडं आम्ल, थोडं मीठ आणि पचायला हलकेपणा हा आहे. खिशात ठेवलेला कांदा यात येत नाही. तो खाल्ला तरच कामाचा, आणि तेव्हाही भाजी म्हणूनच.

उष्ण बाजूचा राजा अर्थात सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेलं हे जेवण, काळ्या मसाल्याचं, तर्रीचं. मागावर दिवस काढणाऱ्यांचं ते जेवण होतं, हे आज सावजी हॉटेलात बाटलीबरोबर ते मागवणारे विसरतात. गंमत अशी की ज्या मिरचीला आज आपण उष्णतेचं मूर्तिमंत रूप मानतो ती चरकानं पाहिलीच नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला आज स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे, इतकी ती आपली झाली. चरकाच्या यादीत नसलेल्या पदार्थाला आपल्या माणसांनी खाऊन, घाम पुसून, यादीत बरोबर जागी बसवलं. म्हणजे कधीकाळी यादी जिवंत होती.

आणि मिरचीच्या बाबतीत लोकांचं वर्गीकरण अक्षरशः खरं ठरलं. तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चटका लागल्याचं कळतं, त्यांच्यावरचा एक ग्राहक मिरचीतल्या कॅप्सेसिननंही चेततो. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. पुदिन्यातला मेंथॉल तसाच थंडीच्या ग्राहकाला चेतवतो. या शोधमालिकेसाठी डेव्हिड ज्युलिअस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मिरची खाल्ल्यावर शरीर भाजल्याच्या समजुतीनं घाम सोडतं. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारची हवा इतकी कोरडी असते की तो घाम लगेच उडतो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. लिटरभर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. म्हणजे तर्रीनं अंग गार होतं? होतं, थोडा वेळ, आणि फुकट नाही. गेलेलं पाणी परत द्यावं लागतं, आणि मटणाच्या प्रथिनांना पचवायला शरीर बरीच ऊर्जा खर्च करतं, तिची ऊब मागाहून येते. म्हणून सावजी डिसेंबरातच बरं, आणि मेमध्ये खायचंच तर रात्री, थोडं, आणि दारूशिवाय. दारूनं पाणी आणखी जातं. हा शेवटचा सल्ला वाचकांतले किती जण मानतील याची मला कल्पना आहे.

आता जिथं ही भाषा सोडून द्यायला हवी त्या जागा. त्या सांगितल्याशिवाय हे पुस्तक वाचकाच्या हाती देऊ नये.

तोंड आलं की नागपुरात म्हणतात, अंगात उष्णता झाली. गुलकंद घ्या, सब्जा घ्या. चार-आठ दिवसांत बरं होणारं तोंड असेल तर घ्या. वारंवार येत असेल तर रक्तातलं बी-बारा आणि लोह तपासा. पण ज्याच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो त्याचं तोंड दोन-तीन आठवडे बरं होत नसेल, तिखट लागताच आग होत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर ती उष्णता नव्हे. सुपारीमुळे तोंडातली आतली त्वचा आवळत जाणारा तो आजार आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. विदर्भात खर्रा घोटणाऱ्या टपऱ्या चौकाचौकात आहेत. उष्णता या एका शब्दाखाली इथं किती निदानं उशिरा झाली असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

दुसरी जागा बायकांची. थंड-उष्णाचे सर्वांत कडक नियम घरातल्या गरोदर आणि बाळंत बाईलाच लागू होतात. पुरुषाला उष्ण पडेल म्हणून कोणी सावजीवरून उठवत नाही. गरोदरपणी हे उष्ण म्हणून नको, ते उष्ण म्हणून नको. अंडं नको, खजूर नको. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातून नेमकं रक्त वाढवणारं निघून जातं. बाळंत झाल्यावर सगळं उलटतं: गार पाणी नको, फळं नको, वारा नको, दारं-खिडक्या बंद, शेगडी खोलीत. हेमंतातल्या बाळंतिणीसाठी डिंक, मेथी, अहळीव ही सोय सुंदर आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याच नियमांनी ठेवलेल्या बाईचं काय होतं? चीनमध्येही बाळंतिणीनं महिनाभर वाऱ्यापासून आणि गारव्यापासून दूर राहण्याची प्रथा आहे, आणि भर उन्हाळ्यात पंखा न लावता, पांघरूण घेऊन असा महिना काढणाऱ्या बायका उष्माघातानं दगावल्याच्या बातम्या तिथून आल्या आहेत. तिथल्या जुन्या वैद्यांनी उन्हाळ्यात घाम मोकळा होऊ द्या असं लिहून ठेवलं होतं. यादीनं ते पुसलं.

तिसरी जागा सर्वांत साधी. ऊन लागलेला माणूस बरळू लागला, त्याला उभं राहता येईना, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपत चालली, तर ती थंड-उष्णाची बाब राहत नाही. शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं आणि मिनिटं महत्त्वाची असतात. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, 108 ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हं ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तळपायाला कांदा चोळत बसायचं नाही. अहमदाबादनं 2013 मध्ये देशातली पहिली शहरी उष्मा कृती योजना आणली, आणि पुढे नागपूर महापालिकेनंही स्वतःची केली. तिच्यातल्या सूचना कंटाळवाण्या वाटतात: दुपारी कामाच्या वेळा बदला, पाणी ठेवा, म्हाताऱ्यांकडे लक्ष द्या. पण त्या चरकाच्या ग्रीष्मचर्येपासून फार लांब नाहीत. फरक एवढाच की त्या चंदनाची उटी परवडत नसलेल्या माणसाचा विचार करतात.

विहाराविषयी बोलायचं तर नागपूरकराला शिकवण्यासारखं कमी आणि आठवण करून देण्यासारखं जास्त आहे. सकाळी आठच्या आत बाहेरची कामं, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, दुपारी काळोखी खोली, संध्याकाळी अंगणात सडा, रात्री गच्चीवर अंथरुणं. शेवटची दोन फ्लॅट संस्कृतीत गेली. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोलीत उष्णता सोडत राहते. जुन्या मातीच्या धाब्याचं तसं नव्हतं. शरीराला दिवसाच्या तापातून सावरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि शहरात आता उन्हाळी रात्रीच उकडू लागल्या आहेत. यिन-यांगच्या भाषेत सांगायचं तर आपण रात्रीचं यिन घरबांधणीतच गमावलं आहे. ते पन्ह्यानं भरून निघणार नाही. गच्चीला पांढरा चुना मारणं हा मला आहारशास्त्राचाच भाग वाटतो, आणि म्हणून तो पुढे एका प्रकरणात आहे.

सेवाग्राम इथून पंचाहत्तर किलोमीटरवर. 1936 पासून तिथं राहून गांधीजींनी मातीच्या पट्ट्या, उपास, कच्च्या भाज्या यांचे प्रयोग स्वतःवर आणि आश्रमवासीयांवर केले. त्यांतले काही आज टिकणारे नाहीत, पण त्यांची एक सवय या पुस्तकानं उचलली आहे: जे खाल्लं ते लिहायचं आणि शरीरानं काय उत्तर दिलं तेही. वाचकानं आपली यादी शेजाऱ्याकडून घेऊ नये. आपल्याला वांगं बाधतं का, हे आपल्याच चार हंगामांतून कळतं.

प्रकरणांचा क्रम ऋतूंचा आहे. पण उन्हाळ्यावरचं पहिलं प्रकरण मे महिन्याचं नाही, जूनचं आहे, आणि त्याचं कारण सांगायला हवं. नवतपाची धास्ती सगळ्यांना असते. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो आणि नऊ दिवस लोक सांभाळून असतात. मृग लागला, दोन सरी आल्या, की पारा चाळीसच्या खाली येतो आणि सावधपणा सुटतो. पन्हं बंद, ताक बंद, दुपारची विश्रांती बंद. प्रत्यक्षात तेव्हा हवा दमट झालेली असते, घाम उडत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, आणि मेभर घर गार ठेवणारा कूलर खोलीत वाफ भरू लागतो. थर्मामीटर कमी दाखवत असतं आणि शरीर जास्त तापत असतं. आतला अग्नीही याच काळात सर्वांत मंद, असं चरक सांगतो, आणि पाण्यातून पोटाचे आजारही याच काळात येतात. तेव्हा काय प्यावं, कूलरचं पाणी कधी बंद करून नुसता पंखा कधी चालू ठेवावा, ताक कधीपर्यंत आणि सुंठ कधीपासून, इथून पुस्तक सुरू होतं.